उरलेल्या दिशा

खालच्या फाटकाची कडी वाजली. एकदाच. मग कोणीतरी ती हातात धरून ठेवावी तशी गप्प झाली.

कुवेंपुनगरातली आमची गल्ली दुपारची जेवणं झाली की निपचित पडते. चैतू माझ्या मांडीवर एक पाय टाकून झोपली होती. तिचा तो पाय म्हणजे माझं घड्याळ. तो जड आहे तोवर वेळ माझा, आणि बोटं वळवळायला लागली की संपला. लॅपटॉप उशीवर ठेवून, अंग जराही न हलवता मी दोन बोटांनी टाइप करत होते. कडीच्या आवाजाने तिची बोटं एकदा हलली आणि पुन्हा निवांत झाली. पलंग खिडकीलगतच आहे. मी मान लांबवून खाली पाहिलं.

शरत होता. या वेळी तो डिपार्टमेंटमध्ये असायला हवा. त्याने आवाज न करता स्कूटर स्टँडला लावली आणि डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला खराट्याच्या काड्यांचा जुडगा काढला. आत शिरण्याआधी त्याने मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं.

मी पटकन मागे सरले. घर माझं, खिडकी माझी, आणि लपले मी.

घर तसं माझं नाही. आम्ही शांताक्कांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यांचं माहेर-सासर दोन्ही म्हैसूरच्या जुन्या मराठी शिंपी घराण्यांतलं. यजमान विठ्ठलरावांचं मंडी मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे घरभर दोऱ्यांची रिळं असतात. दिलीपच्या नोकरीमुळे आम्ही सांगलीहून इथे आलो, तेव्हा माझं मराठी ऐकून शांताक्का खूश झाल्या होत्या. "तुझं मराठी म्हणजे वरण वेगळं, भात वेगळा," म्हणाल्या होत्या. "आमचं म्हणजे बिसिबेळे भात ग. सगळं एकातच."

हा मजला रिकामा आहे हे मला शरतनेच सांगितलं होतं. तो शांताक्कांच्या बहिणीचा मुलगा, आणि माझ्याच गाइडकडे, कृष्णमूर्ती सरांकडे, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला. मला विभाअक्का म्हणतो. मी काम करते तेव्हा चैतू खाली शांताक्कांकडे खेळते, आणि शरत आला की तिला स्कूटरवर पुढे उभी करून एक चक्कर मारून आणतो. इतकं सगळं त्या एका माणसाला बांधलेलं होतं, आणि गेला महिनाभर मी त्याच्यावर पाळत ठेवून होते.

माझं काम एका वाटीचं आहे. वाटीच्या आतल्या बाजूला कुठलेही दोन ठिपके घ्या आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणा. दोरा अधांतरी राहतो, पत्र्याच्या खाली कधीच जात नाही. अशा आकाराला कॉन्व्हेक्स म्हणतात. आता समजा ही वाटी पत्र्याचे तुकडे जोडून केल्यासारखी आहे, कडाकडांची. तिच्या अगदी जवळ जाणारी, बहुपदीने लिहिता येईल अशी गुळगुळीत वाटी करायची आहे. जवळ जाणं सोपं असतं. जवळ जाताना वाटीपण टिकवणं अवघड. कुठेही पोक येता कामा नये. एकच चल असेल तर नेहमीची बहुपदी हे इमानदारीने सांभाळते. दोन चलं आली, म्हणजे रेघेऐवजी पृष्ठभाग आला, की तीच बहुपदी दगा देते. हे सगळ्यांना माहीत आहे. मी चौकोनी जाळी घेऊन, तिची प्रत्येक चौकट एका कर्णाने दुभागून, त्या बहुपदीत एक दुरुस्ती सुचवली होती. या दुरुस्तीनंतर दगा होत नाही, असं सिद्धही केलं होतं.

चैतू पोटात असताना मी ती जाळी पहिल्यांदा काढली. तिला दात आले तेव्हा पहिलं लेमा, प्रमेयाकडे नेणारी पहिली सिद्ध पायरी, झालं. ती बालवाडीत गेली तेव्हा प्रमेय पूर्ण झालं. माझा सगळा थिसिस त्या एका प्रमेयावर उभा आहे, मुदतवाढ एकदा मिळून गेली आहे आणि दुसऱ्यांदा मिळणार नाही. पण खरं सांगायचं तर थिसिसपेक्षाही मला ते प्रमेय माझं म्हणून हवं होतं. भांडी, डबे, ताप, फ्रॉकचे हूक या सगळ्यांतून ओंजळ-ओंजळ वेळ काढून केलेली ती एकच वस्तू होती.

ती मी सरांकडे दिली आणि सर गप्प झाले.

एरवी सर आठवड्यात कागद परत देतात, हिरव्या शाईने भरलेले. या वेळी मी विचारलं की म्हणायचे, "पाहतोय, विभावरी. घाई करू नकोस." एकदा सहज म्हणावं तसं म्हणाले, "आकृत्यांची मूळ फाइल मला पाठव. आणि हे आणखी कोणाला दाखवलंयस का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. बरं झालं, अशी ती मान होती.

पुढच्या आठवड्यात मी डिपार्टमेंटमध्ये गेले तर शरत खिडकीशी बसला होता. मला पाहून त्याने लॅपटॉप मिटला. पण मिटण्याआधी मला दिसलं होतं. चौकोनी जाळी, आणि प्रत्येक चौकटीत एक लाल कर्ण, डावीकडून खालून उजवीकडे वर जाणारा. लाल कर्ण मी काढते. जगात दुसरं कोणी काढत असेल, तर मला माहीत नाही.

"काय चाललंय, शरत?"

"काही नाही अक्का, असंच. चहा?"

शरतने चहा विचारला की समजावं, त्याला बोलायचं नाही.

कडी वाजली त्या दुपारनंतर आठवडाभराने, एका संध्याकाळी दिलीप हेब्बाळहून कंपनीच्या बसने आला, त्याला मी हे सगळं सांगितलं. तो मोजे काढत ऐकत होता.

"विभा, जगात तुझा हा विषय वाचणारी माणसं किती असतील? एका रिक्षात बसतील. त्यातही एक चोर निघाला म्हणतेस?"

"हसू नकोस."

"हसत नाही. तूच सांगितलं होतंस ना, सर एकाचं काम दुसऱ्याला तोडायला, चुका शोधायला देतात? न सांगता?"

"ते नव्या पोरांचं, पहिल्या प्रकरणापुरतं. दीपश्रीचं मला दिलं होतं, तेव्हा ती नुकती लागली होती. मी तिथली सगळ्यात जुनी आहे. माझं कोण तोडणार?"

"मग शरतला सरळ विचार."

"काय विचारू? चोरलंस का?"

"त्याने घर मिळवून दिलंय आपल्याला."

"म्हणूनच तर," मी म्हटलं. दिलीपने मोज्यांची गुंडाळी केली आणि चैतूच्या डोक्यात मारली. ती खिदळली. तेवढ्यावर विषय संपला, त्याच्यापुरता.

माझ्यापुरता तो दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. चैतूला न्हाऊ घालत होते. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून ती तोंड वर करून, डोळे घट्ट मिटून बोलत होती.

"आई, शरतमामा विचारत होता, तुझी आई लाल रेघ कुठून कुठे काढते?"

माझा हात तिच्या केसांत थांबला. "मग तू काय सांगितलंस?"

"मी बोटाने काढून दाखवली. अश्शी." तिने ओल्या भिंतीवर रेघ ओढली. डावीकडून खालून उजवीकडे वर. "मग तो म्हणाला, आणि दुसरीकडून? मी म्हटलं, दुसरीकडून काढतच नाही."

"आणखी काय विचारलं?"

"काही नाही. मग आम्ही चणे खाल्ले."

माझ्या पाच वर्षांच्या मुलीला चणे खाऊ घालून हा माणूस माझं काम काढून घेत होता. त्या क्षणी मला दुसरा कुठलाच अर्थ दिसला नाही. सरांची मान, मिटलेला लॅपटॉप, फाटकाची धरून ठेवलेली कडी, आणि आता हे. चार ठिपके मांडले की त्यांतून जाणारी रेघ मला काढता येते. तेच तर माझं शिक्षण आहे.

मी चैतूला खाली पाठवणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी शांताक्का जिना चढून वर आल्या. गुडघे धरत, एका हातात कोडबळ्यांचा डबा.

"काय ग विभा, मगूला, लेकराला, खाली पाठवत नाहीस? घर कसं भकास झालंय."

"जरा सर्दी झालीय तिला, शांताक्का."

"अय्यो, सर्दी आमच्याकडं पण आहे. तिला काय मजला कळतो?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय? आमच्याकडून कोण काय बोललं का?"

"छे हो. असं काही नाही."

"मग बरं. शरत्या रोज विचारतो, चैतू कुठं, चैतू कुठं. मी म्हटलं, तुझं काय अडलंय रे मेल्या? तर म्हणतो, मावशी, मी सध्या विभाअक्काचंच काम करतोय." त्या कौतुकाने हसल्या. "खरं का ते? मला काय गोत्तु, मी हुक-बटण लावणारी बाई. पण तुझं काम करतो म्हटल्यावर मला बरं वाटलं बघ."

मी डबा घेतला. कोडबळी अजून गरम होती. "हो," म्हटलं, "माझंच काम करतोय."

त्या उतरून गेल्यावर मी ठरवलं. सरांची वाट पाहायची नाही. पेपर सरळ जर्नलकडे पाठवायचा, एकटीच्या नावाने. तारीख माझ्या नावावर पडली की मग कोणी काय काढायचं ते काढो. सर चिडतील, कदाचित थिसिसवर सहीही अडवतील. पण प्रमेय माझंच राहील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसले. चैतूला झोप नव्हती. ती पलंगापलीकडे जमिनीवर पाठ करून काहीतरी खेळत होती, आणि इतकी शांत होती की मला तिची आठवणही राहिली नाही. एरवी अशी शांतता ऐकली की मी आधी उठून बघते. जर्नलच्या पानावर नाव भरलं, पत्ता भरला, फाइल चढवली. सगळ्या लेखकांची संमती आहे का? आहे. मी एकटीच तर होते. शेवटचं निळं बटण उरलं.

टप्.

चणा फरशीवर पडला, उसळला आणि गडगडत माझ्या पायाशी आला.

"चैतू, चणे सांडू नकोस ग."

"मी नाही सांडत. तोच पळतो. बघ ना आई, इथे मध्ये ठेवला की थांबतच नाही. कधी इकडे पळतो, कधी तिकडे. पण तिकडे कधीच नाही."

"तिकडे म्हणजे कुठे?" मी न बघताच म्हटलं.

"उंच कोपऱ्याकडे."

मी बटणावरचं बोट उचललं आणि वळून पाहिलं.

तिच्या मांडीवर खराट्याच्या काड्यांची चौकट होती. चार काड्या, कोपरे दोऱ्याने आवळलेले. समोरासमोरचे दोन कोपरे वर उचललेले, दुसरे दोन खाली. समोरासमोरच्या काड्यांमध्ये पांढरे दोरे ताणलेले, उभे आणि आडवे, इतके जवळजवळ की चणा आत जाऊ नये. विठ्ठलरावांच्या रिळाचे दोरे. एकूण एक दोरा सरळ, आणि तरी सगळ्यांचा मिळून झालेला पडदा वळलेला. आणि दोन उंच कोपऱ्यांमध्ये, पडद्याच्या वरून, एकच लाल दोरा.

मी खाली बसले.

"दे जरा."

"माझं आहे."

"बघून देते."

मी तिच्या कंपासमधली पट्टी घेतली. उभ्या दोऱ्यावर ठेवली, चिकटून बसली. आडव्यावर ठेवली, तीही चिकटली. उंच कोपऱ्यांवर, लाल दोऱ्याच्या बाजूने ठेवली, तर खाली पोकळी. वाटी. माझ्या पेपरात मी तपासलेल्या तिन्ही दिशा. मग मी पट्टी दुसऱ्या कर्णावर ठेवली, खालच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. ती मधल्या फुगवट्यावर टेकली आणि दोन्ही टोकं हवेत ठेवून डुगडुगत राहिली.

पोक.

त्या कर्णावर दोरा नव्हता. सरळ ताणायचा तर तो पडद्याखालून न्यावा लागला असता.

मी पेपर उघडला. तिसऱ्या लेम्याचा शेवट मला पाठ होता, तरी उघडला. उभी दिशा पूर्ण पान, आडवी अर्धं पान, लाल कर्ण दीड पान. आणि त्याखाली, आमच्या धंद्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य: उरलेल्या दिशा याचप्रमाणे.

याचप्रमाणे नव्हत्या. चौकट मी एकाच कर्णाने दुभागली होती. दोन्ही कर्ण सारखे राहिलेच नव्हते, ते मीच वेगळे केले होते. एक कागद घेऊन तो दुसऱ्या कर्णावर धारदार दुमडा, म्हणजे दोन कोपरे वर येतात. ती घडी चांगली कॉन्व्हेक्स असते. ती माझ्या बहुपदीत घाला, आणि मधल्या चौकटीत बाहेर येतं ते हेच, काड्यांचं आणि दोऱ्यांचं. जाळी कितीही बारीक केली तरी एखाद्या चौकटीत हे बसलेलं असू शकतं. मी कागदावर हिशेब केला. चार ओळी लागल्या. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, आपण ओ देतो आणि मग हाक मारलीच नव्हती असं कळतं, तसं मला झालं. हे वाक्य लिहिलं ती दुपार मला आठवत नाही. पण मांडीवरचा पाय हलायला लागला असणार.

"चैतू, हे तुला शरतमामाने कधी दिलं?"

तिने चणे मुठीत लपवले.

"मी रागावत नाही."

"तू रागावतेस. तू त्याच्यावर रागावलीस म्हणून मी भातुकलीच्या पिशवीत लपवलं होतं." तिने माझ्या तोंडाकडे पाहून अंदाज घेतला. "खूप दिवस झाले. तू खाली जायचं नाही म्हणालीस ना, त्याच्या आधी."

"देताना काय म्हणाला?"

"म्हणाला, वर घेऊन जा. घरी खेळ."

वर घेऊन जा. घरी खेळ. मी ते दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं.

जर्नलचं पान मी बंद केलं. निळं बटण गेलं. मग सरांना फोन लावला. सर कानडीत 'हेळी', सांगा, म्हणाले आणि माझा आवाज ऐकून इंग्रजीवर आले.

"सर, माझा पेपर तुम्ही शरतला दिलाय का?"

"तोडायला दिलाय. का?"

"मला वाटलं, ते नव्यांसाठी असतं."

"नव्यांचं तुटलं तर एक प्रकरण जातं. जुन्यांचं तुटलं तर थिसिस जातो. आधी कोणाचं तोडायला हवं, तूच सांग." मग जरा मऊ आवाजात, "सांगायचं नाही असं मीच त्याला बजावलंय. तो बिचारा तुला चुकवत फिरतो, ते दिसतंय मला."

माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. प्रमेय गेलं होतं, आणि तरी काहीतरी उतरलं. चोर नव्हता. मी खाली जाऊन शांताक्कांचा डबा परत करू शकत होते, भरून.

"मग," मी म्हटलं, "त्याने तुम्हाला सांगितलं असेलच."

"काय?"

"जे सापडलं ते."

"त्याला काही सापडलेलं नाही, विभावरी. रोज विचारतो मी. आज सकाळीही विचारलं. म्हणतो, सर, अजून पाहतोय, बहुधा बरोबरच आहे. का?"

मी चौकटीकडे पाहिलं. लाल दोऱ्याची गाठ नीट, दुहेरी मारलेली होती, शिंपीघरातल्या मुलाने मारावी तशी. चैतूची भातुकलीची पिशवी कितीतरी दिवस दाराआड लटकत होती. म्हणजे त्याच्याकडे उत्तर तेव्हापासून होतं, आणि आज सकाळीही तो सरांना नाही म्हणाला. मला वेळ दिला? माझी चूक माझ्याच हाती लागावी, सरांना मीच ती सांगावी, म्हणून? की स्वतःसाठी ठेवलं? एखाद्याचं प्रमेय मोडणारं उदाहरण हाही एक पेपरच असतो, छोटा पण पक्का, आणि तो माझा पेपर छापून आल्यावर जास्त शोभतो. दोन्ही रेघा त्याच ठिपक्यांतून जात होत्या. एकीकडून पाहिलं तर भाऊ दिसत होता. पट्टी फिरवली की दुसराच कोणी.

आणि आता मी सरांना 'मला सापडलं' म्हटलं, तर मी त्याचं घेतलं. 'शरतला सापडलं' म्हटलं, तर तो इतके दिवस सरांशी खोटं बोलला हे मीच उघड केलं. उद्या चैतूला खाली कोणाच्या तोंडाने पाठवू?

"विभावरी? ऐकतेस ना? तुला काही सापडलंय का?"

चैतू चणे मुठीत घेऊन माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली होती. तिला वासावरूनही कळतं, माझं कुठेतरी काहीतरी बिनसलं की. तिने दोन्ही हातांनी चौकटीचा उंच कोपरा धरला, पण ओढली नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, फोनमध्ये ऐकू जाऊ नये अशा बेताने, "हे शरतमामाने मला दिलंय, की तुला?"